माळ्यावरची गिटार

पावसाळा ओसरून उन्हे स्वच्छ पडू लागली, की आमच्या डिचोली तालुक्यातील घरोघरी माळे आवरण्याची लगबग सुरू होते. कुबट वासाच्या गोधड्या, रिकाम्या बरण्या, पाय मोडलेली खुर्ची आणि पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून जपून ठेवलेला नाना प्रकारचा पसारा खाली उतरतो, उन्हात बसतो आणि बहुधा पुन्हा माळ्यावर चढतो. यंदा कारापूर येथे आमच्या थोरल्या बंधूंच्या घरी असा माळा उतरला, तेव्हा त्यातून एक वस्तू खाली आली आणि मग ती वर गेली नाही. तिची हकीगत आज वाचकांस सांगावयाची आहे.

ती वस्तू म्हणजे बंधूंची गिटार. बंधू तारवटी होते. आयुष्यातील बरीच वर्षे त्यांनी बोटीवर काढली. एका परक्या बंदरात त्यांनी ती विकत घेतली आणि रजेवर येताना बाळाप्रमाणे सांभाळून घरी आणली. रजेच्या दिवसांत रात्रीची जपमाळ झाली, की ते सोप्यावर बसून वाजवीत आणि वहिनी गात. 2014 साली बंधू देवाघरी गेले. वहिनींनी गिटार एका जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवली, आणि तिच्याविषयी कोणी शब्द काढावयाचा नाही, असा अलिखित नियम त्या घरात झाला.

यंदा तो नियम आमच्या पुतण्याने मोडला. बंधू गेले तेव्हा तो तीन वर्षांचा होता. वडिलांचे वाजवणे त्याला आठवत नाही. त्याने चादर सोडली, गिटार मांडीवर घेतली आणि आईला म्हणाला, “माय, मी हिच्यावर शिकू?” वहिनी पुष्कळ वेळ बोलल्या नाहीत. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, “भावजी, तुम्हांला यातले कळते म्हणता, तर तुम्हीच पाहा. पण ही मोडली, तर त्यांचे या घरात वाजते असे काही उरणार नाही.” लहानपणी चार दिवस गिटार शिकल्याचा अभिमान आम्हांस होता. आम्ही मोठ्या विश्वासाने मान डोलावली.

आमची पहिली चूक त्याच दुपारी झाली. माळ्यावरून घुमटही उतरले होते. घुमटाचे चामडे दमट हवेत सैल पडते. वाजवण्यापूर्वी ते उन्हात ठेवले, की ताणून बसते आणि नाद खुलतो, हे गोव्यात लहान मुलासही ठाऊक आहे. त्याच न्यायाने आम्ही गिटारही घुमटाशेजारी उन्हात ठेवली. शेजारचे भजनी बुवा कुंपणापलीकडून ओरडले, “अहो, ती सावलीत घ्या! चामड्याला ऊन मानवते. लाकडाला आणि सरसाला नाही.” त्यांचे म्हणणे खरे होते. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या हवेतील आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर असते, आणि गिटारीच्या लाकडास 50 टक्क्यांच्या आसपासची हवा मानवते. दमट लाकूड फुगलेले असते. ते एकाएकी तापून आकसले, तर पातळ फळी चिरते आणि सांधे सुटतात. असे वाद्य घरात, वारा खेळत्या जागी सावकाश सुकू द्यावे.

आठ दिवस तसे ठेवून मग आम्ही ते तपासले. पाठीवर बुरशीचा पांढरा थर होता, तो कोरड्या मऊ फडक्याने निघाला. पोटात आपल्या भागातील तांबडी धूळ साचली होती. गिटार पालथी धरून हलकेच थापटताच ती भोकातून बाहेर आली. फळीवर बोटाच्या पेराने ठिकठिकाणी टिचकी मारून पाहिली. आतील एखादी पट्टी सुटली असती, तर तेथे फटफट आवाज आला असता. लाकडास कीड लागली नव्हती. दांडी एका डोळ्याने नेम धरल्याप्रमाणे पाहिली, तीही सरळ होती. खुंट्यांची दातेरी चाके गंजली होती. त्यांवर तेलाचा एकेक थेंब सोडला. जुन्या तारा काळवंडल्या होत्या, त्या सैल करून काढून टाकल्या. येथवर सारे यथासांग झाले.

नंतर मात्र आमचे चुकले. आम्ही बाजारात जाऊन केवळ ‘गिटारच्या तारा’ मागितल्या; दुकानदाराने पोलादी तारांचा संच दिला आणि आम्ही तो न पाहता घरी आणला. बंधूंची गिटार नायलॉनच्या तारांची होती. तिचा माथा खाचांचा होता आणि घोडीवर तारा गाठ मारून बांधावयाच्या होत्या. पाहणाऱ्यास एवढी खूण पुरेशी आहे. आम्ही घाईने तारा चढवू लागलो. चौथी तार पिळत असता ‘कट्’ असा आवाज झाला. घोडीची मागची कड फळीपासून उचलली गेली होती. पोस्टकार्ड आत सरकेल एवढी फट पडली. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी ती फट पाहिली आणि एक शब्दही न बोलता त्या आत गेल्या. दोन शब्द बोलल्या असत्या, तर आम्हांस बरे वाटले असते.

यामागील कारण साधे आहे. नायलॉनच्या सहा तारा मिळून घोडीला सुमारे चाळीस किलोच्या बळाने ओढतात. पोलादी सहा तारा सुमारे सत्तर किलोच्या. स्पेनमधील आल्मेरिया गावच्या आन्तोनियो दे तोर्रेस या कारागिराने एकोणिसाव्या शतकात या गिटारीस आजची घडण दिली, तेव्हा तारा जनावरांच्या आतड्यांपासून वळलेल्या तातींच्या असत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तातींचा तुटवडा पडला. त्यानंतर न्यू यॉर्कच्या आल्बर्ट ऑगस्टीन यांनी थोर वादक आंद्रेस सेगोव्हिया यांच्या उत्तेजनाने नायलॉनच्या तारा तयार केल्या. तातीसाठी घडलेल्या हलक्या अंगास नायलॉन मानवले. पोलाद त्याला सोसत नाही. म्हणून वाद्य कोणत्या तारांचे आहे हे ओळखल्यावाचून त्यावर तार चढवू नये. जुन्या तारेचा एक तुकडा दुकानात बरोबर नेला असता, तर आमची ही फजिती टळली असती.

आम्ही साऱ्या तारा तत्क्षणी सैल केल्या, आणि एवढेच शहाणपण आमच्या हातून घडले. फटीत डिंक भरून वेळ मारून नेण्याचा मोह आम्हांस झाला, हे कबूल करतो. परंतु भजनी बुवांनी आम्हांस एका वृद्ध सुताराकडे नेले. त्याने कोमट केलेल्या पातळ पात्याने घोडी हलकेच पूर्ण सोडवली, दोन्ही बाजूंचा जुना सरस खरवडून काढला, नवा सरस लावला, पोटाच्या भोकातून शिकंजा घालून घोडी दाबून बसवली आणि चोवीस तास तिला हात लावावयाचा नाही अशी ताकीद दिली. “वरून लिंपलेले टिकत नाही. जुने खरवडल्याशिवाय नवे धरत नाही,” असे तो म्हणाला. तो सरसाविषयी बोलत होता. आम्ही मान खाली घालून ऐकत होतो. दुसऱ्या दिवशी आम्ही वहिनींपुढे गेलो, चूक आमची होती असे सांगितले आणि क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, “मला ठाऊक आहे. आता नीट करा.”

मग नायलॉनच्या तारा आल्या. आमच्या पिढीतील पुष्कळांस गिटारच्या तारांची नावे इंग्रजी अक्षरांनी ठाऊक आहेत. परंतु गोव्याच्या पॅरिश शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या सोल्फेज शिकवले जाई, आणि मेस्तांच्या हाताखाली शिकलेले जुने लोक आजही मी, ला, रे, सोल, सी, मी अशीच ती घेतात. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंतचा हा क्रम आहे. या शाळांतून निघालेल्या गोंयकारांनी मुंबईच्या चित्रपटांचे वाद्यवृंद सजवले. माजोर्ड्याचे आन्थनी गोन्साल्विस (1927–2012) हे त्यांतील ठळक नाव, प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. चर्चमध्ये गिटार ही अलीकडची टूम आहे असे काही वडीलधाऱ्यांस वाटते. त्यांनी ध्यानात घ्यावे, की ‘सायलेंट नाइट’ हे नाताळचे गीत 1818 च्या ख्रिस्तजन्माच्या पूर्वसंध्येस ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ गावी प्रथम गाइले गेले, ते गिटारच्याच साथीवर.

आमच्याजवळ एक जुना स्वरकाटा आहे. गुडघ्यावर आपटून कानाशी धरला, की तो दर सेकंदास 440 कंपनांचा ‘ला’ देतो. पाचवी तार याच स्वरास दोन सप्तके खाली, म्हणजे 110 कंपनांवर लावावयाची. मग सहावी तार पाचव्या पडद्यावर दाबली, की मोकळ्या पाचव्या तारेचा स्वर निघाला पाहिजे. पाचवी पाचव्या पडद्यावर दाबली, की चौथीचा. चौथी पाचव्यावर, की तिसरीचा. तिसरी मात्र चौथ्या पडद्यावर दाबून दुसरी जुळवावयाची, आणि दुसरी पुन्हा पाचव्यावर दाबून पहिली. तार नेहमी खालून वर चढवावी. स्वर पुढे गेला, तर तार थोडी अधिक उतरवून पुन्हा वर आणावी; म्हणजे खुंटीच्या दात्यांत ढिलाई राहत नाही. एक तार पुरती लावून मग दुसरीकडे वळू नये. सहाही तारा थोड्याथोड्या, फेरीफेरीने चढवाव्यात; म्हणजे फळीवर ताण सारखा पडतो.

संध्याकाळची वेळ होती. वाळवंटीकाठच्या विठ्ठलापुरातील विठ्ठलमंदिरात जाण्यासाठी निघालेले भजनी बुवा आमच्या पायरीवर थांबले. तंबोरा लावण्यात त्यांची हयात गेलेली. ते पुतण्याला म्हणाले, “डोळे मीट आणि दोन्ही तारा एकदम छेड. आवाज लाटेसारखा हलतो आहे ना? त्या लाटा मोज.” दोन स्वरांत दर सेकंदास दोन कंपनांचे अंतर असेल, तर आवाज सेकंदात दोनदा फुगतो आणि ओसरतो, स्वर जवळ येतील तशा लाटा लांबतात, आणि स्वर एक झाले की थांबतात. पुतण्याने खुंटी किंचित पिळली. लाटा मंदावल्या, आणखी मंदावल्या आणि नाहीशा झाल्या. त्याच्या मोबाइलमधील स्वरमापकानेही तोच कौल दिला. परंतु पोराच्या चेहऱ्यावरचा आनंद मोबाइलमुळे आलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो, तो सहाही तारा उतरलेल्या. पुतण्या हिरमुसला. नवे नायलॉन पहिले काही दिवस ताणतच राहते, म्हणून हे व्हावयाचेच. आठवडाभर त्याने रोज सकाळ-संध्याकाळ तारा लावल्या, आणि त्या लावतालावता त्याचा कान तयार झाला.

नवव्या दिवशी जपमाळेनंतर तो सोप्यावर बसला व शिकलेले तीन स्वरमेळ वाजवू लागला. वहिनी भाकऱ्यांचे पीठ मळता मळता बाहेर आल्या. आम्हांस वाटले, त्यांचे डोळे भरून येतील. त्या म्हणाल्या, “चढी लागली आहे.”

आम्ही सांगितले, की स्वरकाट्याप्रमाणे ती अगदी बरोबर आहे.

“काट्याप्रमाणे असेल. ते सगळ्या तारा थोड्या उतरवून लावीत. माझा आवाज वर पोहोचत नसे म्हणून.”

हे आम्हांस ठाऊक नव्हते. सख्खा भाऊ इतकी वर्षे समोर बसून वाजवीत होता, आणि तो कोणासाठी तारा उतरवतो हे आमच्या कधी ध्यानात आले नव्हते. पुतण्याने सहाही तारा अर्ध्या स्वराने खाली घेतल्या. आता पहिल्या पडद्यावर दाबले, की काट्याचा मेळ निघतो. यात एक गोष्ट आपोआप साधली. अर्धा स्वर उतरला, की तारांचा ताण सुमारे 11 टक्क्यांनी घटतो. नुकत्याच जुळलेल्या घोडीला तेवढा आराम मिळाला. बंधूंनी वहिनींच्या आवाजाकडे पाहून जे केले, ते वाद्यालाही सोयीचे होते.

वाचकहो, आपल्याही माळ्यावर एखादे व्हायोलिन, पेटी, मेंडोलिन किंवा गिटार पडून असेल, तर ते खाली उतरवा. उन्हात ठेवू नका, चुलीजवळ टांगू नका, घाई करू नका. तुटले-फुटले असेल, तर जाणत्याकडे न्या. आणि वाजू लागल्यावर, ते पूर्वी कोणाच्या आवाजाला लावलेले असे, हे घरातल्या माणसांना एकदा अवश्य विचारा. कारापूरच्या त्या गिटारीची चादर वहिनींनी धुऊन वाळत घातली आहे. ती पुन्हा गुंडाळावयाची नाही असे त्यांनी म्हटले नाही. परंतु सोप्याच्या भिंतीत, उन्हापावसापासून दूर, त्यांनी स्वतःच एक खिळा ठोकून घेतला आहे.