आई आल्या, मग औषध का नको?

गेल्या पंधरवड्यात एक आजीबाई दीड वर्षाच्या नातवाला कडेवर घेऊन दवाखान्यात आल्या. पोराच्या अंगात सणसणून ताप, डोळे लाल, नाक वाहत होते आणि कानामागून सुरू झालेले पुरळ पार पोटापर्यंत उतरलेले. सून दाराशी गप्प उभी. मी स्टेथोस्कोप उचलला तशा आजीबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, ‘‘डाक्टर, लेकराला आई आल्यात. औषधाला न्हाई आणलं. खोकला लई हाय, तेवढा बघा. सुई नगा देऊ, कोप हुईल.’’

वाचकहो, आपल्या भागातल्या डॉक्टरला हे वाक्य नवीन नाही. गोवर किंवा कांजिण्या निघाल्या की ‘आई आल्या’ म्हणायचे, दाराला कडुलिंबाचा पाला बांधायचा, घरात फोडणी द्यायची नाही, परक्या माणसाला आत घ्यायचे नाही, आणि आई ‘जाईपर्यंत’ औषध द्यायचे नाही. पूर्वीच्या एका भयंकर रोगाचे तर आपण नावच ‘देवी’ ठेवले. त्याची अधिष्ठात्री शीतलादेवी. तिचे वाहन गाढव, हातात केरसुणी आणि कलश, डोक्यावर सूप. पटकीची मरीआई गावाबाहेर शेंदूर लावलेल्या तांदळ्यात बसते. आषाढात, म्हणजे नेमके नवे पाणी विहिरीत उतरण्याच्या दिवसांत, तिला नैवेद्य दाखवतात. काही गावांत तिचा गाडा शिवेपलीकडे नेऊन सोडण्याची चाल होती. पटकीचा आणि पाण्याचा विषय स्वतंत्र आहे, त्यावर पुन्हा केव्हातरी. आज गोवराबद्दल बोलू.

या श्रद्धेला हसणे सोपे आहे. मीही हसलो आहे, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली. दवाखाना टाकून मला दोनच वर्षे झाली होती. एका वस्तीवर गोवर झालेली तीन वर्षांची मुलगी बघायला गेलो. उशाखाली पाला, कोपऱ्यात दहीभाताचा नैवेद्य. मी तरुण, डिग्री नवीन. पाला उचलून अंगणात टाकला आणि घरच्यांना अडाणी म्हणून चार शब्द सुनावले. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतले. मी लिहून दिलेली चिठ्ठी मात्र कोनाड्यातच राहिली. आठ दिवसांनी ते मुलीला घेऊन आले तेव्हा तिच्या एका डोळ्याचे बुबुळ पांढरे पडले होते. तिला मोठ्या दवाखान्यात पाठवले. जीव वाचला, तो डोळा गेला. रोगाने काम केले हे खरे, पण त्या घरचे माझ्याकडे वेळेवर परत आले नाहीत ते माझ्या जिभेमुळे.

तेव्हापासून मी या रूढींकडे नीट पाहू लागलो. दाराला पाला म्हणजे वाटसरूला सूचना, आत लागण आहे. पोराला वेगळे निजवणे, खोलीत धूर आणि ठसका नसणे, ताकभात-दहीभातासारखे पचायला हलके अन्न, आईने अंथरुणाजवळून न हलणे, यात वावगे काय आहे? चालू द्यावे.

पण म्हणून ‘पूर्वजांना सगळे विज्ञान ठाऊक होते’ म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही. कडुलिंबाने पोराच्या अंगातला गोवराचा विषाणू मरत नाही. शिवाय गोवर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून पसरू लागतो आणि उठल्यानंतर चार दिवस पसरत राहतो. दाराला पाला लागतो तोवर शेजारच्या पोरांना लागण झालेली असू शकते.

खरी घातक रूढी एकच, औषध न देण्याची. ‘सुई दिली की गोवर आत दडपतो’ असे सर्रास म्हणतात. गोवर आत दडपत नाही. तो शरीराची ताकद खच्ची करतो आणि मग न्यूमोनिया, जुलाब, कान फुटणे, डोळ्यांत फूल पडणे, क्वचित मेंदूला सूज, अशी पुढची संकटे येतात. गोवराने दगावणारी मुले बहुतेक या संकटांनीच दगावतात. विषाणूला थेट मारणारे औषध नाही, हे खरे. पण या संकटांवर उपाय आहेत. त्यातला अगदी साधा म्हणजे अ जीवनसत्त्व. लागोपाठ दोन दिवस एकेक डोस : सहा महिन्यांच्या आतील बाळाला 50 हजार युनिट, सहा ते अकरा महिन्यांपर्यंत 1 लाख, वर्षापुढे 2 लाख. डोस डॉक्टर किंवा आरोग्यसेविका यांच्या हातूनच द्यावा, आपल्या मनाने नव्हे. याने डोळे वाचतात आणि जीवही वाचतात. अंगावरचे दूध बंद करू नये. पाणी, पेज, वरणाचे पाणी वारंवार द्यावे. डोळे उकळून गार केलेल्या पाण्याने पुसावेत. धाप लागली, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडू लागला, पोर सुस्त पडले, झटका आला किंवा पाणीही घेईना, तर त्या घटकेला दवाखाना गाठावा. मुहूर्त पाहू नये.

आणि कोपाचे म्हणाल, तर इतिहास पाहा. देवीची लस हिंदुस्थानात पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईत, 14 जून 1802 रोजी, तीन वर्षांच्या एका मुलीला. पुढे गावोगाव लस टोचणारे फिरू लागले तेव्हा बायका पोरांना कणगीमागे लपवत. तरी लोकांनी हळूहळू दंड पुढे केला आणि ‘देवी काढणे’ हा शब्द मराठीत रुजला. माझ्याही दंडावर ते वण आहेत. आईने माझ्या देवी काढून घेतल्या आणि श्रावणात शीतला सप्तमीला चूलही पेटवली नाही. तिला यात विसंगती वाटली नाही. देशातला शेवटचा स्थानिक रुग्ण मे 1975 मधला. 8 मे 1980 रोजी जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. रोग गेला, शीतलेची पूजा चालूच आहे. कोप झाला नाही.

गोवराची लस 1985 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात आहे, दुसरा डोस 2010 पासून. आता गोवर-रुबेलाची एकत्र लस मिळते. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत, सरकारी केंद्रात फुकट. तरीही 2022 च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवराने उचल खाल्ली आणि मुले दगावली. लस न घेतलेली मुले त्यात पुष्कळ होती.

आता त्या आजीबाईंकडे वळतो. नातवाची नऊ महिन्यांची लस ‘ताप येतो’ म्हणून राहून गेली होती. छातीत कफाची घरघर होती, श्वास जलद होता. मी म्हटले, ‘‘आजी, आई माहेरवाशिणीसारखी घरी आली असेल, तर घरातलं लेकरू धापा टाकताना बघून तिला बरं वाटेल का? हे थेंब तोंडात द्यायचे आहेत, सुई नाही. पाला राहू द्या दाराला.’’ आजीबाई सुनेकडे बघत राहिल्या. सुनेनेच पुढे होऊन पोराचे तोंड उघडले. दुसऱ्या दिवशी त्या न बोलावता दुसऱ्या डोसाला हजर होत्या.

बाराव्या दिवशी मरीआईला नारळ फोडून त्याचा प्रसाद त्यांनी मला आणून दिला. मी तो खाल्ला आणि थोरल्या मुलाच्या दहा महिन्यांच्या मुलीचे लसीचे कार्ड मागितले. पहिला डोस राहिलेलाच होता. येत्या बुधवारी अंगणवाडीत लसीकरण आहे, तिथे नेण्याचे त्यांनी कबूल केले आहे. तुमच्या घरचे कार्डही आज एकदा काढून पाहा.