वाडा दोन चुलींचा, भाव मात्र जमिनीचा
विशेष प्रतिनिधी, पनवेल

जुन्या पनवेलीत एखादा वाडा विक्रीस निघाला, तरी तो वाडा म्हणून विकला जात नाही. बोलणी सुरू होताना सागवानी खांब, ओटी, माजघर आणि परसातली विहीर यांचे कौतुक होते खरे. पण आकडा ठरतो तो मिळकत पत्रिकेवरचे चौरस मीटर, समोरच्या रस्त्याची रुंदी आणि मिळणारा चटई क्षेत्र निर्देशांक पाहूनच. घराची किंमत शून्य धरून जमिनीची किंमत लावण्याचा हा प्रकार आता इतका रूढ झाला आहे, की त्यात काही वावगे आहे असे विकणाऱ्यालाही वाटेनासे झाले आहे.

त्यातही वाडा दोन कुटुंबांचा असेल, तर गुंता वाढतो. आजोबा-पणजोबांच्या पिढीत दोन भावांनी मध्ये भिंत घातली. दरवाजे दोन झाले, चुली दोन झाल्या, विजेचे मीटर दोन लागले. कागदावर मात्र नावे सामाईकच राहिली. आज त्या भावांची नातवंडे-पतवंडे मालक आहेत. एक घर पुण्याला किंवा परदेशी स्थायिक झालेले, दुसरे अजूनही ओटीवर दिवा लावणारे. पहिल्याला पैसे हवे आहेत, दुसऱ्याला छप्पर. दोघांचीही मागणी रास्त आहे, आणि पेच आहे तो याच ठिकाणी.

हे वाडे इतकी वर्षे टिकले कसे, हेही पाहायला हवे. १८३० मध्ये बोरघाटाचा रस्ता खुला झाल्यावर मुंबईहून जलमार्गाने पनवेल बंदरात उतरायचे आणि तेथून घाट चढून पुणे गाठायचे, हा राजमार्ग ठरला. बंदर आणि बाजारपेठ यांच्या जोरावर गाव भरभराटीस आले. १८४९ मध्ये बेने इस्रायल समाजाचे बेथ एल हे प्रार्थनास्थळ उभे राहिले, १८५२ मध्ये नगरपालिका स्थापन झाली. पुढे १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे धावू लागली. पण ती गेली कल्याण-कर्जतमार्गे. पनवेल बाजूला पडले. जुनी घरे पाडून नवी बांधावीत एवढी निकड आणि एवढा पैसा गावात राहिला नाही. वाडे वाचले ते आपल्या वारसाप्रेमामुळे, असे म्हणणे म्हणूनच धाडसाचे ठरेल. मंदीने जे राखले, ते तेजी मोडीत काढत आहे, एवढेच.

ही तेजी एकाएकी आलेली नाही. १९७० मध्ये सिडको आली, खाडीलगतच्या गावांच्या जमिनींवर नवे शहर वसू लागले. नव्वदच्या दशकात उपनगरी रेल्वे पनवेलपर्यंत पोहोचली, २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. २०१६ मध्ये पनवेल ही रायगड जिल्ह्यातील पहिली महानगरपालिका बनली. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि २५ डिसेंबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. विमानतळाच्या परिसरात इमारतीच्या उंचीसाठी ना हरकत दाखला लागतो. म्हणजे मनोरा कितीही चढवता येईल अशी मुभा नाही. मग विकासकाला हिशेब जुळवण्यासाठी लांबी-रुंदी हवी असते. गावठाणातील चिंचोळ्या भूखंडावर ती एका वाड्यात मिळत नाही. अर्धा वाडा तर त्याच्या उपयोगाचाच नाही. त्यामुळे सगळा दबाव येतो तो राहणाऱ्या दुसऱ्या अर्ध्यावर.

कायदा अशा वेळी राहणाऱ्याच्या बाजूने उभा आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ नुसार मृत्युपत्राविना वारशाने आलेल्या मिळकतीतील हिस्सा एखादा जवळचा वारस विकू पाहत असेल, तर तो घेण्याचा अग्रहक्क त्याच्या सहवारसांना आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ४४ सांगते, की अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा त्रयस्थाने विकत घेतला, तरी त्याला त्या घरात सामाईक ताबा मागता येत नाही. आणि या त्रयस्थाने वाटपाचा दावा लावलाच, तर १८९३ च्या वाटप कायद्याच्या कलम ४ अन्वये न्यायालय त्या हिश्श्याचे मूल्यांकन करून तो कुटुंबातील सहहिस्सेदाराला विकत घेऊ देते. ओटीवर परका माणूस येऊन बसू नये, ही घरातील वडीलधाऱ्यांची चिंता ब्रिटिश काळातील कायदेकारांनाही समजली होती.

मेख आहे ती याच कायद्याच्या कलम २ मध्ये. मिळकतीचे सोयीस्कर तुकडे पडत नसतील आणि निम्मा वा त्याहून अधिक हिस्सा असलेले मालक मागणी करत असतील, तर न्यायालय वाटपाऐवजी विक्रीचा आदेश देऊ शकते. चार-पाच भावांच्या वाड्यात निम्म्यापर्यंत पोहोचण्यासाठी आधी एकी करावी लागते. दोन कुटुंबांच्या वाड्यात मात्र प्रत्येक बाजूकडे ते निम्मे जन्मतःच असते. दुसऱ्या बाजूला कलम ३ चा आधार आहे: विक्री मागणाऱ्याचा हिस्सा मूल्यांकनानुसार विकत घ्या आणि वाडा राखा. पण हे मूल्यांकन कशाचे? न्यायालय बाजारभाव पाहते, आणि बाजारात वाड्याला नव्हे, त्याच्या जागी उभ्या राहू शकणाऱ्या इमारतीला भाव आहे. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या शिक्षकाने विमानतळाच्या दराने आपल्याच घराचा दुसरा अर्धा विकत घ्यावा, अशी ही सोय आहे. हक्क आहे, पण तो बजावण्याची ऐपत नाही.

मुद्रांक शुल्काचाही येथे आधार नाही. राहते घर मुला-मुलीला किंवा नातवंडाला बक्षीस द्यायचे असेल, तर महाराष्ट्रात नाममात्र २०० रुपये शुल्क पडते. चुलतभावाला ही सवलत नाही. आणि तिसऱ्या पिढीतील वाड्यात समोरासमोर उभे असतात ते बहुधा चुलतभाऊच. शिवाय मुलींचे हक्क. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना सहदायाद मानले, २००५ मध्ये केंद्रीय कायदा बदलला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातील संदिग्धता दूर केली. हे व्हायलाच हवे होते. पण सासरी गेलेल्या आत्यांच्या सह्या न घेता केलेली जुनी वाटणीपत्रे आता तपासणीत अडकतात, आणि मग ‘कागद साफ करून देतो’ म्हणणारा मध्यस्थ कुटुंबात शिरतो.

वाड्यात तिसराही एक पक्ष असतो, ज्याचे नाव विक्रीच्या बोलण्यात शेवटी निघते: भाडेकरू. रस्त्याकडच्या गाळ्यातला शिंपी, मागच्या खोलीतले कुटुंब. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ त्यांना संरक्षण देतो आणि भाडेवाढ वर्षाला चार टक्क्यांवर रोखतो. मालकाची व्यथा खोटी नाही. एवढ्या भाड्यात कौलेही शाकारता येत नाहीत. दुरुस्ती रखडते, तुळयांना वाळवी लागते, आणि पावसाळ्यापूर्वी महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस येते. अनेक घरांतील वर्षानुवर्षांचा वाद अखेर ही नोटीसच निकाली काढते. ती कधीकधी मालकाला हवीच असते, असे गावात उघड बोलले जाते.

मोहल्ल्यातील कोकणी मुस्लिम, कोळीवाडा, ब्राह्मण आळ्या, गुजराती-मारवाडी व्यापारी आणि शनवार तेली म्हणून ओळखले गेलेले बेने इस्रायल अशी या गावाची जुनी घडण आहे. इस्रायलच्या स्थापनेनंतर बेने इस्रायल कुटुंबे मोठ्या संख्येने तिकडे गेली. प्रार्थनास्थळ उभे आहे, त्याच्या भोवतीचा समाज विरळ झाला. इमारत राखली म्हणजे वस्ती राखली असे होत नाही, हे पनवेलने पूर्वीच पाहिले आहे.

तरीही एक मार्ग उपलब्ध आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. मुंबईत १९९५ पासून वारसा वास्तूंसाठी स्वतंत्र नियमावली आहे. राज्याच्या बहुतांश शहरांना लागू असलेल्या डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीतही वारसा जतनाच्या तरतुदी आहेत. वास्तू यादीत असेल आणि जतनाच्या अटींमुळे तिची विकासक्षमता वापरता येत नसेल, तर ती हस्तांतरणीय विकास हक्काच्या रूपाने अन्यत्र विकता येते. दोन चुलींच्या वाड्याला हा उपाय नेमका लागू पडतो. निघून जाणाऱ्या कुटुंबाला विकास हक्काचे पैसे, राहणाऱ्याला घर. मात्र त्यासाठी वाडा आधी यादीत यावा लागतो, आणि यादीत नाव येणे म्हणजे मिळकत गोठणे, ही भीती मालकांच्या मनात पक्की बसली आहे. विकास हक्काचे प्रमाणपत्र किती दिवसांत मिळते आणि किती रुपयांना विकले जाते, याचे उत्तर देणारा एकही वाडा त्यांनी आपल्या गल्लीत पाहिलेला नसेल, तर त्यांना दोष कसा द्यावा? महापालिकेने पहिला वाडा निवडावा, त्याच्या दोन्ही कुटुंबांना एकत्र बसवावे आणि हे प्रमाणपत्र मुदतीत हाती द्यावे. दुसऱ्या वाड्याचे मालक मग आपणहून चौकशीला येतील. तोवर खरेदीदाराचा माणूस मात्र दर रविवारी ओटीवर येऊन बसतोच आहे.