मंदीत भाव पाडू नका

धंदा थंडावला की सल्ला ठरलेला: भाव उतरवा, माल हलेल. पेण आणि रोहा या शेजारच्या तालुक्यांतले धंदे पाहिले, तर हा सल्ला किती अर्धवट आहे ते कळतं.

पेण, हमरापूर, जोहे इथले गणपती कारखाने वर्षभर राबतात ते एका सणासाठी. शाडू, प्लास्टर, रंग, मजुरी हा खर्च गिऱ्हाईक दारात येण्याआधीच झालेला असतो. आता मूर्ती निम्म्या किमतीत दिली, म्हणून कोणी घरात दुसरा गणपती बसवणार आहे का? २०२० साली कोरोनामुळे सरकारने घरगुती मूर्तीला २ फुटांची आणि सार्वजनिक मूर्तीला ४ फुटांची मर्यादा घातली. त्याहून उंच मूर्ती फुकट दिली असती, तरी मंडळांना ती बसवता येत नव्हती. शेजाऱ्याचं गिऱ्हाईक ओढावं म्हणून भाव पाडला, तर शेजारीही पाडतो. मूर्ती तेवढ्याच खपतात, पैसे मात्र दोघांना कमी मिळतात. शिवाय पुढच्या वर्षी ऐकावं लागतं, "गेल्या साली तर एवढ्यात दिली होती!"

"पण बँकेचा हप्ता थांबतो का?" हा आक्षेप खरा आहे. मग सवलत द्या, पण काहीतरी पदरात पाडून: आगाऊ पैसे भरणाऱ्याला, किंवा कच्च्या, म्हणजे न रंगवलेल्या, मूर्ती एकगठ्ठा उचलणाऱ्या व्यापाऱ्याला. ज्यांची ऐपत घटली त्यांच्यासाठी लहान मूर्ती करा, खड्यांची सजावट वगळा. डोळ्यांच्या आखणीत मात्र हात आखडू नका. मूर्ती लहान म्हणून किंमत कमी, हे कोणालाही पटतं. तीच मूर्ती एकाएकी स्वस्त झाली, तर आधीच्या किमतीबद्दलच शंका येते.

मग भाव कधी उतरवूच नये? रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. असल्या मालाचा खरेदीदार बहुधा स्वतःच कारखानदार. कच्च्या मालाचे दर त्याला ठाऊक असतात. ते उतरल्यावरही जुनाच भाव रेटला, तर तो दुसरीकडे जाईल, आणि त्याने जावंच. तिथे भाव उतरवणं हाच सचोटीचा व्यवहार.

म्हणून आधी विचारावं, घटलं काय? खर्च घटला असेल तर भाव घटवा. नुसती मागणी घटली असेल तर आकार बदला, अटी बदला, माल कमी करा. खर्च तोच ठेवून दिलेली सूट कोणाच्या तरी खिशातून जाते, आणि मूर्तीच्या धंद्यात तो खिसा बहुतेकदा कारागिराचा असतो. मजुरी कापल्यामुळे आखणीचा हात दुसऱ्या कामाला लागला, तर चांगल्या हंगामात भाव मागायला कारखान्याकडे उरेल काय?