अनामिकता म्हणजे घरच्यांपासून लपवणे नव्हे

व्यसनातून बाहेर पडलेल्याने ती गोष्ट आप्तांपासूनही झाकून ठेवावी, कारण अनामिकता हेच अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचे तत्त्व आहे, हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा युक्तिवाद अर्ध्या माहितीवर उभा आहे. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या या संघटनेची अनामिकता, म्हणजे सदस्याचे नाव उघड न करण्याची परंपरा, वृत्तपत्रे, नभोवाणी व चित्रपट अशा सार्वजनिक माध्यमांसाठी आहे. घरच्यांना वा मित्रांना स्वतःहून सांगण्यास तिची आडकाठी नाही. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रानेही उपचारात कुटुंबाला सामील करून घेतले आणि ते योग्यच होते, कारण घसरण, म्हणजे सुटलेले व्यसन पुन्हा जडणे, पुष्कळदा आपल्याच माणसांत सुरू होते: हळदीच्या रात्री गच्चीवर मामेभाऊ प्रेमाने ग्लास पुढे करतो, ‘एकाने काय होतंय’ म्हणतो, आणि त्याला काहीच ठाऊक नसल्याने नकार देणारा एकटा पडतो. कोणाला, केव्हा व किती सांगायचे हे मात्र त्या व्यक्तीनेच ठरवावे. तिला न विचारता सोयरिकीच्या बैठकीत ते बोलून दाखवणाऱ्या नातेवाइकांविषयी पत्रलेखकाने व्यक्त केलेला संताप सर्वस्वी रास्त आहे.