आई-बाप माणसं होतात तेव्हा
(साप्ताहिक सदर : पोरं आणि पुस्तकं)

धडा वाचून झाला की वर्गात एक प्रश्न ठरलेला : यातून काय बोध घ्याल? पोरंही तयारच असतात. खोटं बोलू नये, आईचं ऐकावं, मोठ्यांचा मान ठेवावा. मार्क पदरात पडतात आणि गोष्ट तिथंच संपते. मला विचाराल तर गोष्टीतलं पोर बोध पाठ करून मोठं होत नाही. समोरच्यालाही आपल्यासारखंच मन आहे, हे उमगतं तेव्हा ते मोठं होतं.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं ‘श्यामची आई’ आपण संस्कारांचं पुस्तक म्हणून पोरांच्या हाती देतो. पण त्यातली अळणी भाजीची गोष्ट नीट बघा. आई भाजीत मीठ घालायला विसरलेली. वडील भाजीला नाव न ठेवता जेवून उठतात, मुलंही गप्प जेवतात. मागून आई जेवायला बसते तेव्हा तिच्या लक्षात येतं. त्या पंगतीत कुणी उपदेश करत नाही. श्यामला मात्र चुकू शकणारी आई दिसते आणि तिचं मन जपायला अळणी घास गिळणारे वडीलही दिसतात.

आपल्या धाराशिव जिल्ह्याचे कथाकार भास्कर चंदनशिव याच्या पुढं गेले. त्यांच्या ‘लाल चिखल’ या कथेतला शाळकरी बापू वडिलांसोबत, म्हणजे आबांसोबत, टमाटे विकायला बाजारात बसतो. भाव पडलेला. घासाघीस करणारी गिऱ्हाइकं मातीमोलानं माल मागतात. शेवटी आबा स्वतः पिकवलेले टमाटे स्वतःच्याच पायांनी तुडवतात. पोराच्या नजरेत बाप म्हणजे घरातला शेवटचा शब्द. तोच बाप भर बाजारात हतबल झालेला बघणं हे त्या पोराचं मोठं होणं. आपल्या माकणी गावाच्या शिवाराला तेरणा नदीवरचं धरण लागून आहे, पाणी जवळ आहे, तरी भाव पाडणारा बाजार इथल्याही घराघराला ठाऊक आहे. हा धडा इथल्या पोरांना समजावून सांगावा लागत नाही.

पण समज आली म्हणजे पोरानं सगळ्यांना माफच करावं, असं थोडंच आहे? नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटातला जब्या आठवा. घरचे डुकरं धरत असताना वर्गातली पोरं, त्याला आवडणारी शालूसुद्धा, बघत असतात. तो लाजेनं लपत राहतो. ज्यांच्यात आपल्याला घ्यावं असं त्याला वाटत होतं, तीच माणसं हसताना दिसतात आणि अखेर त्याच्या हातून दगड सुटतो. इथं नजर बदलली ती बापाकडं बघायची नाही, तर हसणाऱ्यांकडं बघायची. तेही शहाणपणच. ‘बोध’ या रकान्यात ते बसत नाही, म्हणून आपण त्याला उद्धटपणा म्हणून मोकळे होतो.

तेव्हा गुरुजी आणि बाई, पुढच्या खेपेला ‘लाल चिखल’ वाचाल तर बोध विचारू नका. त्या रात्री घरी गेल्यावर आबा काय बोलले असतील, ते पोरांना आबांच्याच तोंडून लिहायला सांगा. काही जण शिव्याही लिहितील. लिहू द्या. मार्क कसे द्यायचे, ते मागून बघू.