धारच्या मैनाबाई



आपल्या माळव्यातल्या मराठी घरांत फौजेत गेलेला एखादा तरी माणूस असतोच. महू जवळ असल्याने तर हे आणखीनच. घरात त्याचा गणवेशातला फोटो असतो, पदके जपून ठेवलेली असतात. पण तो सीमेवर असताना मुलांची शिक्षणे, सासू-सासऱ्यांचे दुखणे-खुपणे आणि घरखर्च सांभाळणारीची गोष्ट मात्र क्वचितच कुणी सांगते. आज अशाच एका बाईंची आठवण काढू या. काळ जुना आहे, पण गाव आपलेच.

पवार घराण्याची माळव्यात दोन ठाणी. देवासला तुकोजी आणि जिवाजी या भावांची थोरली व धाकटी पाती, आणि धारला त्यांचे भाऊबंद. धारचे यशवंतराव पवार १७६१ साली पानिपतावर पडले. मागे मुलगा खंडेराव, अगदीच तान्हा म्हणावा असा. पुढे खंडेरावांचे लग्न बडोद्याच्या गोविंदराव गायकवाडांच्या मुलीशी झाले. तेही तरुणपणीच गेले आणि त्यानंतर काही महिन्यांनी आनंदराव जन्मले. ती माउली लेकराला घेऊन माहेरी बडोद्याला राहिली. सतरा वर्षांचे होऊन आनंदराव धारला परतले, तोवर दिवाणापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांचाच राज्यावर डोळा होता. शिंदे-होळकरांच्या फौजांनी मुलूख लुटून नेला. १८०७ साली आनंदरावही वारले.

त्यांच्या पत्नी मैनाबाई त्या वेळी गरोदर होत्या. बघा, आजेसासूबाईंनी आणि सासूबाईंनी जे भोगले, तेच तिसऱ्या पिढीत यांच्या वाट्याला आले. मांडूला त्या बाळंत झाल्या. मुलाचे नाव रामचंद्रराव ठेवले. इकडे घराण्यातलेच मुरारराव गादीवर हक्क सांगून उभे राहिले. अंगावर ओली बाळंतीण, खजिना रिकामा आणि वैरी घरातलाच! मैनाबाईंनी धारचा किल्ला हातचा जाऊ दिला नाही. बडोद्याला निरोप गेला, गायकवाडांची मदत आली आणि मुराररावांना माघार घ्यावी लागली. सासूच्या माहेरची सोयरीक नातवाला अशी कामी आली.

एवढे करून तो मुलगाही जगला नाही. दुसरी कुणी असती तर खचली असती. मैनाबाईंनी बहिणीचा मुलगा दत्तक घेतला, त्यालाही रामचंद्रराव हेच नाव दिले, आणि शिंदे-होळकरांची संमती मिळवली. ज्यांनी मुलूख लुटला त्यांच्याकडूनच होकार घ्यायचा, हे केवढे अवघड! इंग्रज माळव्यात आले तेव्हा धारच्या ताब्यात शहराखेरीज फारसे काही उरले नव्हते. उत्पन्न जेमतेम पस्तीस हजार. १८१९ साली तह झाला, गेलेले काही परगणे परत मिळाले आणि संस्थान टिकले. सर जॉन माल्कम यांनी आपल्या माळव्याच्या इतिहासात बाईंच्या धैर्याची आवर्जून दखल घेतली आहे.

धारचा लाल दगडाचा किल्ला आपण सगळ्यांनी पाहिला आहे. दुसरे बाजीराव पेशवे १७७५ साली इथेच जन्मले, हे गाईड हमखास सांगतो. राघोबादादा लढाईच्या धामधुमीत होते आणि आनंदीबाई या भिंतींआड दिवस मोजत होत्या, हे मात्र आपणच लक्षात ठेवायचे. मैनाबाईंचे नाव तर निदान कागदावर आले. त्यांच्या सासूबाईंचा उल्लेख मला वाचताना ‘गायकवाडांची कन्या’ एवढाच भेटला.

आपल्या घरच्या वंशावळी काढून पाहा. बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू. ज्यांनी ही रेघ तुटू दिली नाही, त्यांची नावे गाळलेली असतात. घरात फौजी माणसाची पत्नी, आई किंवा आजी असेल, तर या सुट्टीत तिच्याजवळ बसा. तो आघाडीवर असताना तिने काय काय केले ते विचारा आणि वहीत लिहून घ्या. नावासकट, माहेरच्या आडनावासकट.

पुन्हा भेटू पुढच्या अंकात.