चौगान आणि जनाना

जयपुरास येणाऱ्या प्रवाशाला हवामहाल दाखविताना एक सिद्धांत हमखास ऐकविण्यात येतो. महाराजा सवाई प्रतापसिंहांनी १७९९ साली उभारलेल्या त्या वास्तूच्या ९५३ गवाक्षांकडे बोट करून असे सांगतात की, येथील स्त्री मूळची मोकळी, घोड्यावर मांड ठोकणारी. तिला जाळीआड बसविले ते मोगल दरबारातून आलेल्या फारसी रीतिरिवाजांनी. याच शहरात दुसरेही एक मत आग्रहाने मांडले जाते. मुलींनी घोडदौड करावी, मैदानात खेळावे, दंड कमवावेत, हे साहेबाच्या अमदानीतील खूळ असून आपल्या परंपरेला त्याचा आधार नाही, असे हे दुसरे मत. या दोन्ही मतांचे कैवारी एकमेकांचे प्रतिस्पर्धी असले, तरी पौर्वात्य दरबारी संस्कृतीला स्त्रीचा व्यायाम ठाऊकच नव्हता, हे दोघांचेही गृहीत आहे; आणि ते गृहीतच इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही.

प्रथम फारसी संस्कृतीचा विचार करू. आमेर-जयपुरास जी फारसी विद्या पोहोचली ती मंगोल अमलाखालून तावूनसुलाखून निघालेली होती. मंगोलांनी १२२१ मध्ये मर्व आणि निशापूर येथे केलेल्या कत्तलींचे समर्थन कोणीही करू नये. परंतु त्या संहारावरच इराणची तवारीख संपविणे हेही अर्धसत्यच होय. १२५८ मध्ये बगदाद उद्ध्वस्त करणाऱ्या मंगोल खान हुलागूच्याच आश्रयाने पुढल्या वर्षी मराघा येथे ज्योतिर्विद नसीरुद्दीन तूसीची वेधशाळा उभी राहू लागली. जुवैनी आणि रशीदुद्दीन यांच्यासारखे इतिहासकार मंगोलांच्याच दिवाणी कारभारात वाढले. या परंपरेचा दाखला जयपुरातच मिळतो. सवाई जयसिंहाच्या पदरी असलेले आणि परंपरेने महाराष्ट्रीय मानले गेलेले पंडित जगन्नाथ सम्राट यांनी टॉलेमी व युक्लिड यांच्या ग्रंथांचे तूसीने सिद्ध केलेले अरबी पाठ समोर ठेवूनच ‘सम्राट्‌सिद्धांत’ आणि ‘रेखागणित’ हे संस्कृत ग्रंथ रचले. जयसिंहाच्या जंतरमंतर वेधशाळेतील यंत्रांपुढे मान तुकविणाऱ्याने मराघ्याचे ऋण नाकारू नये.

याच मंगोल-इराणी जगात स्त्रीचे स्थान कोणते होते? तेराव्या शतकाच्या मध्यास मंगोल छावण्यांत जाऊन आलेला पाद्री कार्पिनी लिहितो की, तेथील मुली आणि बायका पुरुषांच्या तोडीने घोडे फेकतात. मंगोल खान खैदूची कन्या खुतुलून ही कुस्तीत आव्हान देणाऱ्या वरांना चीत करीत असे, ही कथा मार्को पोलोने नोंदविली आहे. तीत अतिशयोक्ती असेलही, पण जिथे राजकन्येने आखाड्यात उतरणे अकल्पनीय असते, तिथे अशी अतिशयोक्तीही जन्मास येत नाही. किरमानची गादी तुर्कान खातून आणि तिच्यानंतर पादशाह खातून यांनी चालविली, आणि १३३८-३९ च्या सुमारास इराणच्या इल्खानी मंगोलांच्या तख्तावर सती बेग या स्त्रीच्या नावाचे नाणे पडले. आता कोणी म्हणेल, हे सारे गवताळ रानातल्या भटक्या जमातीचे आचार. खुद्द इराणी मनाला ते परकेच होते. या आक्षेपाला फारसी कवी निजामी गंजवीने मंगोल येण्यापूर्वीच, बाराव्या शतकात उत्तर देऊन ठेवले आहे: त्याच्या काव्यातील शिरीन आपल्या सख्यांसह प्रियकर खुस्रोशी चौगान, म्हणजे घोड्यावरून खेळायचा पोलो, खेळते, आणि पुढे इराणी चित्रकारांना तो प्रसंग रंगविण्याचा कधी संकोच वाटला नाही. मंगोलांनी इराणी स्त्रीला घोड्यावर बसविले असे नव्हे. इराणी कल्पनेत जी मान्य होती, ती गोष्ट त्यांच्या अमलात राजवाड्यांतून प्रत्यक्ष नांदू लागली.

हा वारसा हिंदुस्थानात बाबराच्या घराण्याबरोबर आला. पित्याकडून तैमूर आणि मातेकडून चेंगीज असे दुहेरी कूळ सांगणाऱ्या त्या घराण्यातील गुलबदन बेगमेने ‘हुमायूननामा’ लिहिला. त्यात शाही मेजवानीस जमलेल्या स्त्रियांची नावनिशीवार यादी देताना ती शाद बेगम आणि मेहरअंगेज बेगम या दोघींपाशी क्षणभर थांबते. या जिवलग मैत्रिणी पुरुषी पोशाख करीत, धनुर्धराच्या अंगठ्यात घालावयाची अंगठी आणि बाण स्वतः तयार करीत, चौगान खेळत, तिरंदाजी करीत आणि अनेक वाद्येही वाजवीत. या नोंदीत नवल नाही, निषेध नाही. गुणांची गणना आहे. पुढे १६१७ मध्ये नूरजहानने हत्तीवरील अंबारीतून सहा गोळ्यांत चार वाघ पाडले, आणि जहांगीराने ती हकीकत आपल्या आत्मवृत्तात अभिमानाने नमूद केली. आमेरच्या राजा भारमलाने १५६२ मध्ये आपली कन्या अकबरास दिली, ती अशा घराण्यात. भारमलाच्या कछवाहा कुळाने त्या दरबाराची मनसब घेतली, पोशाख घेतला, चित्रकला घेतली. जयपुरात राजवाड्यालगत चौगानाचे मैदानही राखले. मग जनान्यात तेवढी जाळीच का यावी आणि घोडा का येऊ नये?

मोगलांच्या जनान्यात पडदा होता आणि तो कालांतराने घट्ट होत गेला, हे निर्विवाद आहे. पण एकाच नूरजहानच्या आयुष्यात पडदाही होता आणि बंदूकही होती. स्त्रीला निश्चल करणारी शक्ती भाषेत किंवा वंशात नसून प्रतिष्ठेच्या कल्पनेत होती: जिचे पाऊल जमिनीला कमी लागेल ती अधिक कुलीन, असे मानणारा प्रत्येक स्थिरावलेला दरबार, मग तो कोणत्याही धर्माचा असो, आपल्या स्त्रियांचे पाय हळूहळू काढून घेतो. हवामहालाच्या वरच्या मजल्यांवर पायऱ्यांऐवजी उतरणी आहेत, आणि त्या राण्यांच्या पालख्यांसाठी असल्याचे सांगतात. चार पायऱ्या चढण्याचे श्रमही जिला उरू दिले नाहीत, त्या स्त्रीच्या दुबळेपणाचे खापर दूरच्या इराणवर फोडणे म्हणजे आपल्याच घरातील निर्णयाची जबाबदारी झटकणे होय.

हा निर्णय फिरविता येतो, हेही जयपुराने पाहिले आहे. पडदा झुगारून १९२७ मध्ये पुण्यास अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड यांची नात गायत्रीदेवी १९४० मध्ये जयपुरास सून म्हणून आली. आजीचे धैर्य, आई इंदिराराजे यांचा मोकळेपणा, आणि घोडेस्वारी व टेनिस यांची स्वतःची आवड घेऊन आलेल्या या महाराणीने १९४३ मध्ये येथे मुलींसाठी शाळा काढली. तिला साहेबी वळणाची म्हणून हिणविणाऱ्यांनी शाद बेगम आणि मेहरअंगेज बेगम यांचे स्मरण ठेवावे.

राहता राहिला तो सर्वांत सोज्ज्वळ दिसणारा आणि म्हणूनच सर्वांत घातक आक्षेप. राण्यांना व्यायाम हवा असेल; पण डोक्यावर विटांची पाटी वाहणाऱ्या, दळणकांडण करणाऱ्या, पाण्यासाठी मैल तुडविणाऱ्या बाईला आणखी व्यायाम कशाला, असे सद्‌गृहस्थ कळवळून विचारतात. या कळवळ्यात त्या बाईच्या देहाची मालकी दुसऱ्याची असल्याचे मुकाट्याने मान्य केलेले असते. विटा वाहून मान आणि गुडघे झिजतात, आणि कोणत्या दिवशी किती वाहायच्या हे मुकादम ठरवितो. व्यायामात देहाचे बलसंवर्धन असते आणि कधी थांबायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. शाद बेगमेला हा अधिकार जन्माने मिळाला होता. विटा वाहणाऱ्या बाईच्या मुलीला तो नगराने द्यायचा आहे. त्यासाठी जुन्या शहराच्या परकोटाच्या आतील प्रत्येक मुलींच्या शाळेला मैदान, शिक्षिका आणि रोजचा एक तास मिळाला पाहिजे, आणि जयपुरच्या चौगानात संध्याकाळची वेळ मुलींसाठी राखून ठेवली गेली पाहिजे.